उंबरठ्यावरचे वाहन

पनवेल तालुक्यातील ओवे गावाच्या पाठीशी खारघरचा डोंगर आहे, आणि समोरच्या नव्या इमारतींच्या रांगा ओलांडल्या की थोडक्याच अंतरावर पनवेलची खाडी लागते. जमीन कोठे संपते आणि पाणी कोठे सुरू होते, हे या पट्ट्यात कोणत्याही नकाशाने कायमचे ठरवून दिलेले नाही. भरतीचे पाणी बांध घालून अडवावे, आतल्या खारट जमिनीत भात पिकवावे, उघाडीतून पावसाचे पाणी खाडीला परत द्यावे, आणि शेत उरकले की होडी काढून जाळे टाकावे, हा येथील आगरी-कोळी कुटुंबांचा पिढ्यानपिढ्यांचा जीवनक्रम होता. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, ९५ गावांच्या पट्ट्यात नवी मुंबई उभी राहू लागली आणि बांधांच्या जागी रस्ते आले. तरीही जुलैच्या एखाद्या रात्री उधाणाची भरती आणि मुसळधार पाऊस एकदम आला, म्हणजे आपली जुनी हद्द कोठवर होती याची आठवण पाणी माणसाला करून देतेच.

अशा प्रदेशाला उभयचर वाहनाचा, म्हणजे रस्त्यावर चाकांनी व पाण्यात पंख्याने चालणाऱ्या गाडीचा, मोह पडला तर नवल नाही. २०२३ च्या नोव्हेंबरात बेलापूर ते पेंधर मेट्रो धावू लागली. २०२५ च्या डिसेंबरात नव्या विमानतळावरून विमाने उडू लागली. घरे आली, माणसे आली, सुटीचे दिवस आले. आता सुटीच्या दिवशी जायचे कोठे, हा प्रश्नही ओघाने येणारच. उभयचर बसगाड्यांचा पुरस्कार केंद्रीय मंत्री श्री. नितीन गडकरी यांनी मागेच केलेला आहे, आणि पर्यटनाच्या योजनांतून ही कल्पना अधूनमधून डोके वर काढीत असते. एखाद्या दिवशी आपल्या खाडीकाठीही अशी गाडी उभी राहील, फीत कापली जाईल, छायाचित्रे छापून येतील. तो दिवस उजाडण्यापूर्वी या वाहनाचे गुणदोष वाचकांपुढे ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते. आमचा या वाहनाला विरोध नाही. तिकीट काढून मुलाबाळांसह त्यात बसणाऱ्या माणसाच्या जिवाची जबाबदारी कोणाच्या शिरावर आहे, हे गाडी येण्याआधी ठरले पाहिजे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

हे वाहन करमणुकीसाठी जन्माला आलेले नाही. दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या किनाऱ्यावर सैन्य उतरविताना जहाजातील माल काठावर आणावयाचा कसा, हा अमेरिकेपुढे बिकट प्रश्न होता; धक्के तर शत्रूच्या ताब्यात. तेव्हा १९४२ साली जनरल मोटर्सच्या अडीच टनी सहा चाकी मालमोटारीला पाणी न शिरणारे होडीसारखे अंग चढविण्यात आले, मागे पंखा व सुकाणू बसविण्यात आले आणि ‘डक’ ही गाडी तयार झाली. तिच्या आरेखनात शिडाच्या नौकांसाठी ख्यातनाम असलेल्या स्पार्कमन अँड स्टीफन्स या संस्थेचा हात होता. रस्त्यावर ताशी ८० किलोमीटर आणि पाण्यात ताशी जेमतेम १० किलोमीटर असा तिचा वेग. चालकाला आपल्या जागेवरूनच टायरांतील हवा कमी-अधिक करता येई. हवा कमी केली की टायर पसरट होऊन वाळूत रुतत नसे. डांबरी रस्ता लागला की हवा पुन्हा भरून घ्यावयाची. अशा सुमारे २१,००० गाड्या युद्धकाळात बनल्या आणि १९४४ साली नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर त्यांनी आपले काम चोख बजाविले.

युद्ध संपले आणि या गाड्या स्वस्तात विक्रीस निघाल्या. १९४६ साली विस्कॉन्सिन राज्यातील डेल्स येथे दोघा उद्योगी गृहस्थांनी अशी एक गाडी घेऊन प्रवाशांना नदीची सहल घडविण्यास आरंभ केला. रस्त्यावरून डुलत आलेली मोटार न थांबता पाण्यात शिरते, त्या क्षणी उतारूंच्या तोंडून जो चीत्कार निघतो, त्यावर एक सबंध व्यवसाय उभा राहिला, आणि बॉस्टन, सिएटल, लंडन, लिव्हरपूल अशा शहरांत अशा सहली निघू लागल्या. पुढे जर्मनीत हान्स ट्रिपेल यांच्या आराखड्यावरून ‘ॲम्फिकार’ ही चौघांची खाजगी मोटार निघाली. १९६१ पासूनच्या काही वर्षांत ती सुमारे ३,८०० बनली. अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्यापाशी अशी एक होती. टेक्सासमधील आपल्या शेतावर पाहुण्यांना तीत बसवून ‘ब्रेक लागत नाहीत’ असा आरडाओरडा करीत ते ती सरळ तळ्यात घालीत आणि पाहुण्यांची तारांबळ पाहून मनसोक्त हसत. कॅनडात १९६७ पासून निघालेल्या ‘आर्गो’सारख्या सहा वा आठ चाकांच्या छोट्या गाड्यांचे तंत्र आणखी साधे आहे. त्यांच्या फुगीर टायरांवरील खाचाच पाणी मागे लोटतात आणि गाडी माणसाच्या चालीने तळे ओलांडून जाते. शिकारी, शेतकरी आणि जंगलखात्याचे लोक त्या वापरतात, आणि हौशी लोकही.

या हौसेचे शिखर ज्याने गाठले तो बेन कार्लिन हा ऑस्ट्रेलियन अभियंता भारतीय सैन्यात अधिकारी होता. १९४६ साली बंगालमधील कलाईकुंडा येथील विमानतळावर टाकून दिलेली एक उभयचर जीप त्याच्या दृष्टीस पडली आणि अशा जीपमधून पृथ्वीप्रदक्षिणा करण्याचे वेड त्याच्या डोक्यात शिरले. १९५० साली कॅनडातील हॅलिफॅक्सहून तो अटलांटिक महासागरात उतरला आणि युरोप, इराण, पाकिस्तान, भारत, ब्रह्मदेश, जपान असा फेरा घालून १९५८ साली माँट्रिऑलला पोहोचला. लहान उभयचर गाडीतून जगप्रदक्षिणा करणारा दुसरा माणूस अद्याप झालेला नाही. कार्लिनच्या धाडसाला आम्ही मनापासून मुजरा करतो. परंतु त्याने पणाला लावला तो स्वतःचा आणि काही काळ सोबत आलेल्या पत्नीचा जीव, तोही समजून उमजून. दर माणशी तिकीट घेऊन तीस अनोळखी माणसांना पाण्यात नेणे ही निराळी गोष्ट आहे. तेथे साहसाची भाषा गैरलागू ठरते. तेथे हिशेब द्यावा लागतो.

तो हिशेब पाहू गेल्यास मन उदास होते. १ मे १९९९ रोजी अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात लेक हॅमिल्टन या सरोवरात ‘मिस मॅजेस्टिक’ नावाची अशीच एक जुनी युद्धकालीन गाडी पाण्यात शिरल्यावर काही मिनिटांत बुडाली. २१ जणांपैकी १३ जण मृत्युमुखी पडले. चाकांकडे व पंख्याकडे जाणारे दांडे जेथून तळातून बाहेर पडतात, तेथील रबरी वेष्टन सैल झाले होते आणि तेथून पाणी आत आले. वर ऊन लागू नये म्हणून कापडी छत होते. बुडणाऱ्या माणसांना त्या छतानेच आत कोंडून धरले. चौकशी झाली. छते काढा आणि आत पाणी शिरले तरी गाडी तरंगत राहील अशी योजना करा, असे तपासणी मंडळाने बजावले. ते बहुतेकांनी मनावर घेतले नाही. १९ जुलै २०१८ रोजी मिसूरीतील टेबल रॉक सरोवरात, वादळाचा इशारा मिळालेला असताना, तशीच छताची गाडी पाण्यात नेण्यात आली आणि ३१ पैकी १७ जण बुडाले. त्यांतील नऊ जण एकाच कुटुंबातील होते. पहिल्या दुर्घटनेनंतर सुचविलेल्या सुधारणांना कायद्याचे बळ मिळण्यास २०२२ चा डिसेंबर उजाडावा लागला. दरम्यान २४ सप्टेंबर २०१५ रोजी सिएटल शहरात अशाच एका गाडीचा पुढचा आस पुलावर मोडला आणि ती समोरून येणाऱ्या बसवर आदळून पाच विद्यार्थी दगावले. म्हणजे पाण्यात धोका आहे आणि कोरड्या रस्त्यावरही तो संपत नाही.

हे अपघात नुसते दुर्दैवाने घडले असे म्हणता येणार नाही. त्यांच्या मुळाशी एक सामान्य कारण आहे. हिरण्यकशिपूने वर मागितला होता की घरात मरण नको आणि घराबाहेरही नको. मृत्यू आला तो उंबरठ्यावर. सर्व तरतुदी केल्या, पण दोन तरतुदींच्या मधली जागा रिकामी राहिली. उभयचर वाहनाची स्थिती अशीच आहे. मोटार तपासणाऱ्या अधिकाऱ्याला ब्रेक, दिवे, टायर कळतात. तळातील वेष्टन, पाणी उपसणारे पंप आणि तरंगण्याची क्षमता ही त्याच्या अभ्यासातली बाब नव्हे. जहाज तपासणाऱ्याला तळ कळतो. पण रोज दहा वेळा रस्त्यावर धक्के खाणारे, खाऱ्या पाण्यात भिजून पुन्हा उन्हात तापणारे आस आणि सांधे किती दिवस टिकतील, हे त्याच्या नियमावलीत नसते. दोघेही आपापला दाखला प्रामाणिकपणे देतात. गाडीपाशी दोन दाखले जमतात आणि प्रवाशाला मात्र एकाचाही पुरता आधार मिळत नाही. आपल्याकडे रस्त्यावरील वाहनांची नोंदणी प्रादेशिक परिवहन कार्यालय करते आणि खाडीतील प्रवासी नौकांकडे महाराष्ट्र सागरी मंडळ पाहते. या दोन कार्यालयांमधला उंबरठा कोणाचा, हे आधी लिहून ठेवले पाहिजे.

हे परदेशातले दाखले आपल्याला कशाला, असे कोणी म्हणेल, तर त्याने आपल्याच बंदराकडे पाहावे. १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्याला महिना उरला नसताना, मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वादळात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. ती बहुतांशी त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यातली, अमावास्येच्या सणासाठी गावी निघालेली माणसे होती. कोकणातील जुन्या घरांतून ती तारीख अजून विसरली गेलेली नाही. आणि १८ डिसेंबर २०२४ रोजी, लख्ख उजेडी, घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची चाचणीवर असलेली वेगवान बोट आदळून १५ जणांचा बळी गेला. प्रवासी बोटीत परवानगीहून अधिक माणसे होती. पाऊणशे वर्षांच्या अंतराने घडलेल्या या दोन घटनांची कारणे वेगळी आहेत. पण ज्या बंदरात नुसती बोटच अजून नियमात बसत नाही, तेथे बोट आणि मोटार यांचे मिश्रण आणताना जरा थांबून विचार करावा, असे म्हणणे भित्रेपणाचे ठरू नये.

दुसरा धोका जिवाचा नसून पैशाचा आहे, आणि तो आपल्या सार्वजनिक कारभाराच्या ओळखीचा आहे. २०१६ च्या डिसेंबरात पंजाबात हरिके येथील पाणथळीत अशी एक बस मोठ्या समारंभाने सुरू करण्यात आली. काही कोटींचा तो प्रकल्प थोडेच दिवस चालला. निवडणुका झाल्या, सरकार बदलले आणि बस जागच्या जागी उभी राहिली. आपल्याकडेही २०२२ च्या फेब्रुवारीत बेलापूरच्या धक्क्यावरून जलवाहतुकीचा थाटाने शुभारंभ झाला, आणि पुढे पुरेसे उतारू मिळविताना तिची कशी दमछाक झाली, हे बेलापूर-खारघरच्या रहिवाशांना सांगावयास नको. उद्घाटनाचा नारळ फोडणे सोपे असते. दहा वर्षे रोज सकाळी तळ तपासणे, रबरी वेष्टने बदलणे, गंज खरवडणे, खलाशांना पगार देणे हे कंटाळवाणे काम ज्याच्या अंदाजपत्रकात मांडलेले नाही, त्याने नारळ फोडू नये.

मग हे वाहन येऊच नये काय? तसे आम्ही म्हणत नाही, आणि त्याचे कारणही पंजाबनेच पुरविले आहे. २०२५ च्या ऑगस्टअखेरीस तेथे महापूर आला, तेव्हा अमृतसरच्या भागात वेढलेल्या गावकऱ्यांना बाहेर काढण्यासाठी भारतीय सैन्याने ‘ॲटॉर’ ही उभयचर गाडी पाण्यात उतरविली. अंगाइतक्या उंच, फुगीर, कमी हवेच्या चार टायरांवर तरंगणारी ही गाडी बाराशे किलो वजन घेऊन चिखल, बांध आणि पाणी सारख्याच सहजतेने ओलांडते. जेएसडब्ल्यू गेको या कंपनीने ती भारतात बनविली असून सैन्याने अशा ९६ गाड्या मागविल्या होत्या. म्हाताऱ्या माणसांना व लेकरांना घेऊन ती पाण्यातून येत असल्याची चित्रे देशाने पाहिली. एकाच राज्यात, एकाच जातीचे यंत्र एकदा निरुपयोगी खेळणे ठरले आणि एकदा जीवनदाते ठरले. फरक यंत्रात कमी होता. ते कशासाठी आणले, कोणाच्या हाती दिले आणि कोण त्याची निगा राखीत होते, यात तो अधिक होता.

हा धडा आपल्या जिल्ह्याला फार जवळचा आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या दिवशी रायगड जिल्ह्यावरही आकाश कोसळले होते. २०२१ च्या जुलैत महाड शहर पाण्याखाली गेले, तेव्हा रस्त्याने येणारी मदत पाण्यापाशी अडली आणि पाण्यातून येणाऱ्या होड्या आधी रस्त्याने आणाव्या लागल्या. पनवेलच्या गाढी नदीच्या काठचे रहिवासी दर पावसाळ्यात पाण्याच्या रेषेकडे डोळे लावून बसतात. जमिनीवरून पाण्यात आणि पाण्यातून जमिनीवर न थांबता जाणारे साधन असे जर कोठे हवे असेल, तर ते येथे.

म्हणून आमची सूचना अशी आहे. करमणुकीला कमी लेखण्याचे कारण नाही. आठवडाभर लोकलमध्ये उभे राहून प्रवास करणाऱ्या माणसाला रविवारी मुलांसह दोन घटका पाण्यावर घालवाव्याशा वाटल्या, तर तो त्याचा हक्क आहे. परंतु करमणुकीने स्वतःचा खर्च भागवून संकटकाळाची तयारी करून द्यावी. ज्याला सहलीचा परवाना हवा, त्याच्या गाड्या आणि माणसे पूर येताच जिल्हाधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली यावीत, अशी अट परवान्यातच असावी. एरवी पावसाळ्याचे चार महिने सहली बंदच राहणार. त्या काळात हीच गाडी तालुक्याच्या ठिकाणी सज्ज उभी असावी. नगराला यातून दोन लाभ होतील. आपत्तीसाठी म्हणून घेतलेली यंत्रे वर्षानुवर्षे गोदामात गंजतात, तशी ही गंजणार नाही. आणि पुराच्या रात्री ती हाकणारा चालक त्या पाण्याला नवखा असणार नाही.

त्यापूर्वी चार गोष्टी पक्क्या व्हाव्यात. पहिली, रस्त्यावरच्या व पाण्यातल्या तपासणीसाठी एकच उत्तरदायी अधिकारी नेमावा आणि त्याचे नाव गाडीवर रंगवावे. दुसरी, प्रवाशाच्या डोक्यावर त्याला कोंडणारे छत नसावे, आणि जाकीट पेटीत न राहता गाडी उतारावर येण्यापूर्वी प्रत्येकाच्या अंगावर असावे. तिसरी गोष्ट खाडीची. उधाणाच्या दिवसांत आपल्याकडे भरती-ओहोटीतला फरक चार मीटरांच्या वर जातो. भरतीला जेथे पाणी दिसते, तेथे ओहोटीला गुडघाभर चिखल असतो. तेव्हा पाण्यात उतरण्याचा उतार लांब आणि पक्का बांधावा लागेल, आणि तो बांधताना कांदळवनाला हात लागता कामा नये. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली कांदळवनांच्या नाशास राज्यभर मनाई केली, ती याच पट्ट्याच्या हिताची आहे. पुराचा पहिला तडाखा तीच झाडे अंगावर घेतात. पूर आवरण्याच्या यंत्रासाठी पूर अडविणारी झाडे तोडणे हा शहाणपणा म्हणता येणार नाही. चौथी गोष्ट माणसांची. या गाड्यांवर तांडेल म्हणून दिवाळ्याच्या कोळीवाड्यातली आणि खाडीकाठच्या गावांतली माणसे घ्यावीत. ओहोटीला प्रवाह कोठे वळतो, चिखल कोठे खोल आहे आणि आभाळाचा कोणता रंग पाहून होडी परत फिरवावी, हे ज्ञान त्यांच्यापाशी आहे. टेबल रॉक सरोवरावर त्या संध्याकाळी नेमके हेच, परत फिरण्याचे शहाणपण, कमी पडले.

ज्या समाजाने बांध घालून समुद्राशी करार केला आणि शतकानुशतके तो पाळला, त्याला पाण्याचे भय घालण्याची गरज नाही. पाण्याचा मान ठेवावा, ही त्याचीच शिकवण आहे. चाकांची होडी आपल्या खाडीत खुशाल यावी. मुलांनी आनंदाने चीत्कार करावा. फक्त ती उतारावर येऊन पाण्यात शिरते त्या एका क्षणी, तिच्या मागे कोणीतरी जबाबदार माणूस उभा आहे, एवढा विश्वास नगराच्या प्रत्येक आई-बापाला वाटला पाहिजे. तो विश्वास देण्याचे काम महानगरपालिका, सागरी मंडळ आणि परिवहन कार्यालय यांनी एकत्र बसून आजच सुरू करावे.